कूट आणि गोपानसी

संयुत्तनिकायातील ओपम्मसंयुत्तात भगवंतांनी कूटागाराची उपमा योजिली आहे. तेथे 'कूट' म्हणजे 'शिखर' असा अर्थ केल्यास वाचकापुढे मंदिराचा कळस उभा राहतो व उपमेचे मर्म हरवते. आमच्या मते येथे लाकडी घराची बांधणी अभिप्रेत आहे. खांबांवर तुळया, तुळयांवरून वर चढणारे वासे, म्हणजेच 'गोपानसी'. आणि ते सर्व जेथे एकवटतात ते माथ्याचे लाकूड म्हणजे 'कूट'. कूट उपटले की वासे आपोआप कोसळतात. तद्वत अविद्येचा उच्छेद होताच सर्व अकुशल धर्म नष्ट होतात. कार्ल्याच्या चैत्यगृहात, कातळाच्या छताला आधाराची गरज नसतानाही, प्राचीन लाकडी कमानी आजही टिकून आहेत. अभ्यासकांनी त्या पाहून मगच हे सुत्त वाचावे.