कादवाच्या खोऱ्यातली दिंडोरी

नाशिकहून सप्तशृंग गडाकडे निघालेली गाडी पंचवीसेक किलोमीटरवर दिंडोरीत पोचते. स्वामी समर्थ केंद्रात येणारे तेवढे इथे उतरतात, बाकीचे वणीच्या वाटेला लागतात. एका तालुक्याच्या गावाची ओळख एवढ्यावर संपू नये.

इतिहासात दिंडोरीचं नाव वणीसोबत येतं. सुरतेची दुसरी लूट घेऊन परतणाऱ्या शिवाजी महाराजांना दाऊदखान कुरेशीने याच भागात गाठलं. १७ ऑक्टोबर १६७० रोजी गनिमी काव्याने नव्हे, मोकळ्या रानात लढाई झाली. मोगल हरले. तालुक्यातल्याच रामशेज किल्ल्याने पुढे औरंगजेबाच्या फौजांना काही वर्षं झुंजवलं.

आजची दिंडोरी मात्र पाण्याने घडवली आहे. पश्चिमेला सह्याद्री, तिथून उतरणाऱ्या कादवा, कोळवण, उनंदा या नद्या आणि त्यांच्यावर वाघाड, करंजवण, ओझरखेड, पुणेगाव, पालखेड अशी धरणं. कादवा पुढे नांदूर मधमेश्वरला गोदावरीला मिळते. पालखेडचा डावा कालवा निफाड, येवल्यापर्यंत जातो. पाऊस दिंडोरीच्या डोंगरात पडतो, पण भिजतात खालचे तालुकेही.

द्राक्षाला हे पाणी हवं तेव्हाच मिळावं लागतं. फळासाठीची गोडी छाटणी ऑक्टोबरच्या आसपास होते आणि माल जानेवारीपासून निघतो. म्हणजे सगळा हंगाम पावसाळ्यानंतरचा. खरड छाटणी तर ऐन एप्रिलमध्ये, आणि पुढच्या वर्षीचा घड ठरतो तो त्या उन्हाळ्यात फुटणाऱ्या काडीत. त्या दिवसांत कालव्याचं आवर्तन चुकलं की पुढच्या हंगामाचा हिशेब बिघडतो. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीची द्राक्षं युरोपात जातात, सुलाच्या एका शिराझ वाइनच्या नावात दिंडोरी आहे. या सगळ्याच्या मुळाशी पाटाचं वेळेवर आलेलं पाणी आहे.

म्हणूनच वाघाडची गोष्ट मला या तालुक्यातली सर्वांत मोलाची वाटते. वाघाडचं पाणी कालव्याच्या शेवटाला, ओझरपर्यंत, पोचतच नव्हतं. वरचे शेतकरी हवं तेवढं घेत, टेलवाले वाट पाहत. १९९० च्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने ओझरला पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचं, पट्टी मापावर भरायची आणि आधी शेपटाला द्यायचं. पुढे बाकीच्या लाभक्षेत्रातही संस्था झाल्या आणि प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांनीच हाती घेतला. राज्याने शेतकऱ्यांकडे सिंचन सोपवणारा कायदा केला तो २००५ मध्ये. वाघाडचे शेतकरी तोवर बरंच चालून आले होते.

अमेरिकेच्या डोंगराळ पश्चिमेत, कोलोरॅडो नदीकाठच्या पॅलिसेड गावातही कालव्याच्या पाण्यावर पीच आणि द्राक्षं पिकतात. तिथला जुना दंडक असा की ज्याने पाणी आधी वापरात आणलं त्याचा हक्क आधी. वाघाडने शेवटच्या माणसाला पहिला मान दिला. न्यायाच्या तराजूत मला हे पारडं जड वाटतं.

पण हा न्याय अजून डोंगर चढलेला नाही. ननाशीकडच्या आदिवासी पट्ट्यात पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात टंचाई. उतार तीव्र, माती उथळ, पाणी थांबत नाही. तालुक्याच्या या भागातून आणि शेजारच्या पेठ, सुरगाण्यातून माणसं द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. छाटणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), थिनिंग (विरळणी), काढणी यांत त्यांचे हात नसतील तर बाग उभी राहणार नाही.

पश्चिमवाहिनी नद्यांचं पाणी बोगद्यातून पूर्वेला आणणारी मांजरपाडा वळण योजनाही याच तालुक्यात झाली. पाणी पूर्वेकडे वळवण्यासाठी डोंगर पोखरता येतो, तर त्याच डोंगरावरच्या पाड्यांना छोटे बंधारे, पाझर तलाव आणि बारमाही पिण्याचं पाणी देणं अवघड नाही. पुढचा प्रत्येक पाणीवाटपाचा आराखडा करताना सरकारने आणि पाणी वापर संस्थांनी या पाड्यांचा वाटा आधी काढून ठेवावा.