वेदना, कुत्र्यांतील

ऊतकांना इजा झाल्यामुळे किंवा होण्याचा संभव असल्यामुळे येणाऱ्या अप्रिय संवेदनात्मक व भावनिक अनुभवास वेदना म्हणतात. आंतरराष्ट्रीय वेदना-अध्ययन संघटनेने १९७९ मध्ये केलेली वेदनेची व्याख्या २०२० मध्ये सुधारण्यात आली. शब्दांनी सांगता येत नाही म्हणून मनुष्याला किंवा मनुष्येतर प्राण्याला वेदना होत नाही असे मानता येत नाही, असे तीसोबतच्या टिपांत स्पष्ट केले आहे. कुत्र्याच्या बाबतीत या विधानाला विशेष महत्त्व आहे. कारण दुखणे कोठे, केव्हापासून व कसे आहे हे तो सांगू शकत नाही आणि अनोळखी ठिकाणी तपासणीच्या वेळी भीतीमुळे ते पुष्कळदा दिसूनही येत नाही.

कारण न सापडणारी व लक्षणे बदलत राहणारी वेदना ही पशुवैद्यकातील अवघड समस्या होय. एक दिवस पुढचा पाय उचलून धरणारा कुत्रा चार दिवसांनी मागच्या पायाने लंगडतो, मधल्या काळात नेहमीसारखा खेळतो, आणि पुन्हा एकाएकी उठताना ओरडतो. अशा वेळी कुत्रा हट्टी किंवा तापट झाला आहे, असा समज होतो. वस्तुतः लक्षणांचे बदलणे हाच काही रोगांचा विशेष असून त्या बदलांची नीट नोंद हे निदानाचे एक प्रमुख साधन आहे.

यंत्रणा : त्वचा, स्नायू, सांधे व अंतस्त्ये यांतील वेदनाग्राहींपासून निघालेल्या प्रेरणा तंत्रिकांमार्फत मेरुरज्जूकडे व तेथून मेंदूकडे जातात. पातळ आवरण असलेल्या तंतूंतून तीक्ष्ण वेदना त्वरित, तर आवरणरहित तंतूंतून बोथट व रेंगाळणारी वेदना सावकाश पोहोचते. प्रेरणांचा मारा दीर्घकाळ चालू राहिल्यास मेरुरज्जूतील कोशिका अतिसंवेदनशील होतात, असे क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखविले. त्यामुळे साध्या स्पर्शानेही दुखू लागते व वेदनेचे क्षेत्र मूळ जागेपलीकडे पसरते. शिवाय वेदनेचे मूळ व तिचे चिन्ह एकाच ठिकाणी असतेच असे नाही. मानेच्या मणक्यांमधील चकती सरकल्यास कुत्रा पुढचा पाय उचलून धरतो. पाठीचा कणा दुखत असल्यास पोट ताठ करतो व ते पोटाचे दुखणे वाटते.

चिन्हे : ओरडणे हे वेदनेचे एकमेव किंवा नेहमीचे चिन्ह नव्हे. जिना चढण्यास नाखुषी, पाठीला कमान येणे, निजण्याची जागा वारंवार बदलणे, विश्रांतीतही धापा टाकणे, थरथरणे, एकच जागा चाटत राहणे, भूक मंदावणे, माणसांपासून दूर जाऊन बसणे व हात लावताच गुरगुरणे ही चिन्हे अधिक आढळतात.

कारणे : मोठ्या जातीच्या, विशेषतः जर्मन शेफर्ड जातीच्या, वाढत्या वयाच्या कुत्र्यांत लांब हाडांचा शोथ होऊन लंगडेपणा एका पायातून दुसऱ्या पायात जातो, हा विकार बहुधा आपोआप बरा होतो. शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेतील बिघाडामुळे अनेक सांधे एकाच वेळी सुजतात, तेव्हाही लंगडेपणा फिरता असतो व पुष्कळदा ताप येतो. उष्ण प्रदेशांत गोचिडांमुळे होणारे रोग लक्षात घ्यावे लागतात. एर्लिकिया कॅनिस हा सूक्ष्मजंतू १९३५ मध्ये अल्जीरियातील कुत्र्यांत आढळला. भारतातही तो आढळतो. याच्या संसर्गात ताप, सांधेदुखी व नाकातून रक्त येणे ही लक्षणे येतात, मावळतात व कित्येक महिन्यांनीही उलटतात. रक्तातील बॅबेसिया गिब्सोनाय या परजीवीचे वर्णन प्रथम १९१० मध्ये मद्रास येथील कुत्र्यांवरून करण्यात आले.

अधिवृक्क ग्रंथींच्या न्यूनतेत (ॲडिसन रोगात) अशक्तपणा, थरथर, ओकाऱ्या व पोटदुखी आलटून पालटून दिसतात. शिरेतून सलाइन दिल्यावर कुत्रा सुधारतो व पुन्हा खालावतो. बीगल, बॉक्सर इ. जातींच्या तरुण कुत्र्यांत मस्तिष्कावरणाच्या शोथामुळे मान ताठ होते व ताप येतो. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅन्येल जातीत कवटीच्या सदोष रचनेमुळे मेरुरज्जूत द्रवयुक्त पोकळ्या होतात. असा कुत्रा मानेजवळ त्वचेला न शिवता हवेतच खाजवतो. डाक्सहुंड जातीत मणक्यांमधील चकतीचा विकार विशेष आढळतो.

वर्तनात एकाएकी बदल, आवाज बदलणे, लाळ गळणे, जबडा लोंबणे किंवा मागचे पाय लुळे पडणे ही लक्षणे दिसल्यास अलर्क रोगाची शंका घेणे अत्यावश्यक आहे. घशात हाड अडकले आहे अशा समजुतीने कुत्र्याच्या तोंडात हात घालणे प्राणघातक ठरू शकते [→ अलर्क रोग].

निदान : लक्षण केव्हा, किती वेळ व कशानंतर दिसले, तसेच खाणे, पाणी, लघवी, शौच, झोप व दिलेली औषधे यांची मालकाने रोज तारीखवार नोंद ठेवावी. घरी दिसलेले लक्षण दवाखान्यात दिसेलच असे नसल्याने चालण्याचे व झटक्याचे चलच्चित्रण उपयोगी पडते. शारीरिक व तंत्रिका तंत्राच्या तपासणीनंतर रक्ततपासणी, गोचीडजन्य रोगांच्या चाचण्या व क्ष-किरण चित्रण करतात. आवश्यकतेनुसार सांध्यातील द्रवाची वा मस्तिष्क-मेरुद्रवाची तपासणी आणि चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शन केले जाते. एक चाचणी निर्दोष आली म्हणजे रोग नाही असे ठरत नाही; चित्र बदलल्यास तीच चाचणी पुन्हा करावी लागते. तीव्र वेदनेच्या मोजमापासाठी ग्लासगो विद्यापीठात तयार झालेल्या श्रेणीचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला संक्षिप्त प्रकार वापरतात. त्यात अधिकात अधिक २४ गुण असून ६ किंवा अधिक गुण पडल्यास वेदनाशामक देण्याचा विचार करतात.

उपचार व निगा : मूळ रोगावर उपचार करणे हे मुख्य होय, परंतु निदान होईपर्यंत वेदना तशीच राहू देणे योग्य नाही. माणसांची वेदनाशामके घरच्या घरी देणे धोक्याचे आहे. आयबुप्रोफेनामुळे जठरात व्रण होतात व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटॅमॉलाची मात्रा अधिक झाल्यास यकृताला इजा होते. स्टेरॉइडे व स्टेरॉइडेतर शोथरोधके एकाच वेळी देत नाहीत. चाचण्यांपूर्वी स्टेरॉइडे दिल्यास काही दिवस बरे वाटते, पण सांध्यातील व मस्तिष्क-मेरुद्रवातील शोथाची चिन्हे झाकली जातात व निदान लांबते. गुळगुळीत फरशीवर जाजम अंथरणे, मान दुखत असल्यास गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरणे, उड्या व जिने टाळणे आणि वजन आटोक्यात ठेवणे यांनी आराम मिळतो. दुखणाऱ्या कुत्र्याने गुरगुरल्यास शिक्षा करू नये. लहान मुलांना त्याच्यापासून दूर ठेवावे.

एकाएकी पाय लुळे पडणे, लघवी अडकणे, पोट फुगून कोरड्या ओकाऱ्या येणे, हिरड्या पांढऱ्या पडणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही आढळल्यास नोंदी करीत न थांबता तातडीने पशुवैद्याकडे नेले पाहिजे.

मालकावरील भार : दीर्घ आजारी प्राण्याची शुश्रूषा करणाऱ्या माणसांत ताण व खिन्नता अधिक असते, असे अमेरिकेत झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अध्ययनात दिसून आले. अनिश्चिततेमुळे मालक वारंवार पशुवैद्य बदलतो व प्रत्येक ठिकाणी तपास नव्याने सुरू होतो. त्यापेक्षा एकाच पशुवैद्याकडे सर्व अहवाल एकत्र ठेवणे, पुढील तपासणीचा दिवस आधी ठरविणे व गरज वाटल्यास त्याच्याच शिफारशीने तज्ञाकडे जाणे हितावह असते. काही कुत्र्यांत कारण अखेरपर्यंत सापडत नाही. तेव्हा खाणे, झोप, हालचाल व माणसांतील रस यांवरून बऱ्या व वाईट दिवसांची गणती ठेवून उपचारांची दिशा ठरवितात. वाईट दिवस सतत वाढत गेले व वेदना कोणत्याही उपायाने आवरेनाशी झाली, तरच वेदनारहित मृत्यूचा विचार केला जातो. एका वाईट दिवसावरून असा निर्णय घेऊ नये व एका चांगल्या दिवसावरून औषधेही बंद करू नयेत.