किल्ली आपल्याच कमरेला

जळगाव-धुळ्याकडच्या बचत गटांचा माल आता घरच्या ओट्यावर थांबत नाही. केळीचे वेफर्स, उडदाचे पापड, बिबडे, दोंडाईच्याच्या मिरचीचं तिखट! जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. साहजिकच 'गटाची वेबसाइट हवी' हा विषय बैठकीत निघतोच. मग कुणाच्या तरी ओळखीचा मुलगा ती करून देतो. पुढे तो नोकरीला पुण्याला जातो आणि पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. पापडाचा भाव बदलायचा तरी त्याला फोन! दुकान आपलं आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, असं कसं चालेल?

म्हणून मैत्रिणींनो, एकदा तरी ही मांडामांड स्वतःच्या हाताने करून बघा. 'वर्डप्रेस' हे सॉफ्टवेअर २००३ पासून फुकट मिळतं, मराठीतही मिळतं. जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट आज त्याच्यावर चालतात.

हे सगळं संसार थाटण्यासारखंच आहे. डोमेन म्हणजे दारावरची पाटी आणि होस्टिंग म्हणजे भाड्याची खोली. आधी वर्डप्रेसची झिप फाइल उतरवून घ्यायची आणि होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून 'पब्लिक एचटीएमएल' या फोल्डरमध्ये चढवून तिथेच उघडायची. आत 'वर्डप्रेस' नावाचं फोल्डर निघतं. त्यातलं सामान बाहेर काढून ठेवायचं, नाहीतर पत्ता उगाच लांबतो.

ही झाली भांडीकुंडी. आता धान्याची कणगी, म्हणजे डेटाबेस. आपण लिहू तो मजकूर तिथेच साठतो. डेटाबेस तयार करायचा, त्याला एक युजर आणि पासवर्ड द्यायचा आणि त्या युजरला सगळे अधिकार द्यायचे. मग 'डब्ल्यूपी-कॉन्फिग-सॅम्पल' या फाइलच्या नावातलं 'सॅम्पल' काढून टाकायचं आणि डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड तिच्यात भरायचे. होस्टचं नाव बहुतेक ठिकाणी 'लोकलहोस्ट' असंच राहतं. बऱ्याच होस्टिंगवर डेटाबेसच्या नावाआधी आपल्या खात्याचं नाव लागतं. ते विसरलं, की डेटाबेस जोडता येत नाही असा संदेश येतो. घाबरायचं नाही, त्या चार ओळी पुन्हा ताडून बघायच्या.

शेवटी ब्राउझरमध्ये आपला पत्ता टाकला, की वर्डप्रेस स्वतःच गटाचं नाव, युजर, पासवर्ड आणि ई-मेल विचारतं. युजरचं नाव 'अ‍ॅडमिन' ठेवू नका, चोरटे पहिल्यांदा तेच करून बघतात. ई-मेलही कुणा एकीचा नको, गटाचा द्या. पासवर्ड हरवला तर नवा घेण्याची वाट तिथूनच जाते.

कुणी म्हणेल, हल्ली एका टिचकीत सगळं होतं, मग एवढा खटाटोप कशाला? खरं आहे, टिचकीनेही होतं. पण हाताने केलं की कोणती वस्तू कुठे ठेवली ते कळतं. उद्या होस्टिंग बदलायचं झालं, तर फाइली आणि डेटाबेस अशी दोन गाठोडी उचलायची, हे ठाऊक असतं. त्या दोन्हींची प्रत मधूनमधून घरच्या संगणकावर उतरवून ठेवावी.

आणखी एक काम लगेच करा. डोमेन कुणाच्या नावावर आहे, त्याची मुदत कधी संपते, हे गटाच्या वहीत लिहा. पासवर्ड बंद पाकिटात घालून बँकेच्या पासबुकाशेजारी ठेवा. अध्यक्ष बदलली, की हिशेबाबरोबर हे पाकीटही नवीच्या हाती द्यायचं आणि पासवर्ड बदलून घ्यायचा. मग गटाची वेबसाइट खरोखर गटाची राहील.