नृत्यबारचा कारभार

रत्नागिरीच्या मांडवीवर असो वा मुंबईत, उपाहारगृहात नृत्य ठेवू इच्छिणाऱ्या मालकास २०१६ चा राज्य कायदा सारखाच लागू आहे. आणि २००५ च्या बंदीने ज्यांची रोजी गेली त्या नर्तकींच्या हिताचे त्यात काय, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १७ जानेवारी २०१९ च्या निकालावरून उमजते. लेखी करार व बँकखात्यात जमा होणारा मेहनताना ही अट, जी माझ्या मते सर्वांत मोलाची, कारण कागदावाचून थकबाकीची फिर्याद टिकणे दुरापास्त, न्यायालयाने कायम राखली. ग्राहकास बक्षिसाची मुभा देऊन नोटा उधळण्यास मज्जाव केला. कॅमेऱ्यांची सक्ती मात्र खाजगीपणास बाधक म्हणून रद्द ठरवली. सायंकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ तशीच राहिली.