आडव्या दांडीवरचा ब्रेक

गेल्या पावसाळ्यात सांगलीतील एका दुकानी, मेंढ्याच्या शिंगांप्रमाणे खाली वळलेल्या हँडलच्या नव्या सायकलीस त्या हँडलच्याच वरच्या आडव्या दांडीवर जादा ब्रेक बसवून मिळेल काय, अशी मी पृच्छा केली असता, ‘असलं आता कोणी लावत नाही, काका’ एवढ्या एका वाक्यात विक्रेत्याने जो निकाल दिला, तो माझ्या मनास फार लागला. कारण त्या निकालाने एका जिनसेचेच नव्हे, तर ती वापरणाऱ्या अवघ्या वर्गाचे नाव पटावरून कमी झाले होते.

माझे चित्त गुंतले आहे ते ऐंशीच्या दशकात. वाइनमान, डायाकॉम्पे इत्यादी कंपन्यांनी सत्तरच्या दशकात पाश्चात्त्य देशांत रूढ केलेला जोडलिव्हर, म्हणजे मूळ लिव्हरला जोडून आडव्या दांडीपाशी आणलेला जादा लिव्हर, तेव्हा आमच्याकडील वळलेल्या हँडलच्या ‘रेसर’ सायकलींवरही दिसू लागला. विश्रामबागहून मिरजेस जाताना, गळिताच्या हंगामात उसाच्या गाड्यांमधून वाट काढणाऱ्या मनुष्यास मान वर ठेवून, हात आडव्या दांडीवर टेकूनच सायकल हाकावी लागे. आणि मूळ ब्रेकच्या मुठी मात्र पुढे, हाताच्या टप्प्याबाहेर. ती उणीव या जोडाने भरून काढली, आणि कारकून, विद्यार्थी, शिक्षक अशा मामुली माणसांस रेसरवर बसण्याची मुभा मिळाली.

मुंबई-पुणे सायकल शर्यतीची, तिच्यातील ‘घाटाचा राजा’ या किताबाची स्वप्ने पाहणारे आमच्यातील काही ज्येष्ठ स्वार त्यास ‘भित्र्यांचा ब्रेक’ म्हणत. त्यांचा तो तुच्छतेचा स्वर मला तेव्हाही अन्यायाचा वाटला, आजही वाटतो. त्या जोडात दोष होते, हे खरे. मूळ लिव्हरच्याच खिळीवर तो कसलेला असल्याने त्याची दाब देण्याची मजल अपुरी पडे, हलक्या पत्र्याचा असल्यास तो लवे, आणि यवतेश्वराच्या उतारावर पाऊस लागून क्रोमच्या रिमा ओल्या झाल्या की ब्रेकचे रबर नुसते घसरत राही. परंतु हे दोष घडणीचे होते; हाताजवळ ब्रेक असावा या अपेक्षेचे नव्हेत. टीकाकारांनी घडणीची शिक्षा अपेक्षेस दिली.

नव्वदीत सरळ हँडलच्या गिअरवाल्या सायकली आल्या आणि हा प्रश्नच काही वर्षे उरला नाही. पुढे वळलेली हँडले परतली, ती एका निराळ्या, निर्दोष लिव्हरसह. हा लिव्हर मूळ मुठीस लटकत नाही. तो वायरच्या मार्गातच बसतो. साताऱ्यास राजवाड्याजवळच्या एका मिस्त्रींनी तो बसविताना मी पाहिला: हँडलची टेप उलगडून त्यांनी वायरचे बाहेरचे आवरण दांडीपाशी कापले, कापलेले तोंड कानशीने सपाट घासले, त्यावर टोपी चढविली, आणि हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून आवरण कोठे ताणले जात नाही ना, याची खात्री केल्यावरच आतली तार कसली. दाबल्यावर हा लिव्हर तार ओढीत नाही, आवरणास पुढे रेटतो. परिणाम तोच, आणि मूळ मुठीची ओढ तिळभरही उणी होत नाही.

अशी कारागिरी हाताशी असता बाजाराने वायर हँडलच्या पोटात दडविली, वायरची जागा तेलास दिली, आणि मिस्त्रींच्या कात्रीस कामच ठेवले नाही. तेलाच्या ब्रेकांस असा लिव्हर लावताच येत नाही, ही सबब तर सर्वस्वी लटकी आहे. शिमानोने २०१९ साली जीआरएक्स मालिकेत तेलावर चालणारा जादा लिव्हर काढला आहे. आणि त्याची गरजही सरलेली नाही: कास पठाराकडून साताऱ्यास उतरणाऱ्या वाटेवर खड्डे आहेत, पर्यटकांच्या मोटारी आहेत, वळणावळणांवर गुरे आहेत. साठी उलटलेल्या स्वाराची पाठ तासन्‌तास वाकून राहू शकत नाही. अशा गिऱ्हाइकासाठी हा जादा लिव्हर मागवून देण्याची तसदी विक्रेत्याने घ्यावी, आणि तो घेत नसेल तर कारखानदाराने तो सायकलीसोबतच द्यावा, ही माझी मागणी आहे.