उसवलेली लोकर वाया जात नाही

मे महिन्यात पारा 45च्या पुढे जाणाऱ्या नागपुरात बसून मी लोकरीच्या विणकामावर लिहिते आहे, म्हणून हसू नका. याच नागपुरात 29 डिसेंबर 2018 रोजी पारा 3.5 अंशांवर उतरला होता. त्या दिवशी आमच्या अब्बांनी एकावर एक दोन स्वेटर, वरून कोट आणि त्यावर अम्मीची शाल घेतली होती. तरी म्हणत होते, "थंडी काही विशेष नाही."

पण हा लेख थंडीचा नाही, एका स्वेटरचा आहे.

माझी धाकटी बहीण दोन वर्षांपूर्वी सासरहून परत आली ती कायमची. सोबत एक सुटकेस होती आणि त्यात मरून रंगाचा, पुरुषी मापाचा अर्धवट स्वेटर. पाठ झाली होती, पुढचा भाग झाला होता, एक बाही झाली होती. दुसऱ्या बाहीपर्यंत संसार टिकला नाही.

इद्दत संपली, तरी ती फारशी बोलत नव्हती. घरातल्या बाकीच्यांना मात्र त्या स्वेटरविषयी बोलायला फार होतं. मामू म्हणाले, "एक बाही तर राहिली आहे, पूर्ण करून मला दे." अब्बांनी अंगाला लावून पाहिला, तो गुडघ्यापर्यंत आला. अम्मीनं कुणालाही न विचारता तो डांबराच्या गोळ्या घालून पेटीत तळाशी ठेवला. आपल्या घरांत नको असलेल्या गोष्टीही फेकल्या जात नाहीत, पेटीत जातात. बहिणीचंही काहीसं तसंच झालं होतं. पाहुणे आले की तिला आतल्या खोलीत चहा करायला पाठवायचं, असं कुणी न ठरवताच ठरलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी माहेरी राहायला गेले. रात्री तिला गोष्टी सांगायचे. शिक्षिकेला दुसरं काय येतं? अमेरिकन लेखिका डेबी मॅकोम्बर यांची 2004 सालची एक हलकीफुलकी कादंबरी आहे, 'द शॉप ऑन ब्लॉसम स्ट्रीट'. तिची नायिका लिडिया दोनदा कॅन्सरमधून उठते आणि सिएटल शहरात लोकरीचं दुकान काढते. विणकाम शिकायला तिच्याकडे तीन बायका येतात आणि बाळाची दुलई विणता विणता चौघींची आयुष्यं बदलतात. त्यातल्या एकीचं सुनेशी अजिबात पटत नाही. हे ऐकून शेजारच्या पलंगावर झोपेचं सोंग घेतलेली अम्मी उठून बसली. "तिकडेही असं असतं?" तिला फार बरं वाटलेलं दिसलं.

दुसऱ्या रात्री मी इस्मत चुगताईंची 'चौथी का जोड़ा' सांगितली. ती हलकीफुलकी नाही. कुबराची आई कापड बेतण्यात इतकी वाकबगार, की अपुऱ्या तुकड्यातूनही जोडा काढते. घरी आलेल्या राहतसाठी कुबरा स्वतःच्या हातांनी स्वेटर विणते, पण त्याला त्या हातांची किंमत नसते. शेवटी आईची कात्री लेकीच्या कफनावर चालते. अम्मी डोळे पुसत होती. बहीण मात्र बऱ्याच वेळानं म्हणाली, "आपा, कापड एकदा कापलं की कापलं. लोकरीचं तसं नसतं. तो स्वेटर कुठे आहे?"

सकाळी पेटी उघडली. नेमक्या त्याच वेळी आमच्या खाला आल्या. बहिणीला उसवताना पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, सूत कातून ते तोडणाऱ्या बाईला कुरआनात नावं ठेवली आहेत!"

घरात शांतता पसरली. मी कपाटातून तर्जुमा काढला. सूरह नहलच्या 92व्या आयतीत ती उपमा खरोखर आहे. पण ती शपथा आणि करार मोडणाऱ्यांसाठी आहे. "खाला," मी म्हटलं, "करार कुणी मोडला, ते या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ही तर नुसती लोकर उसवते आहे." पुढे हेही बोलून गेले, की प्रेषितांच्या (स.) पत्नींपैकी हजरत आयशा (रजि.) सोडल्या, तर बहुतेक सर्वजणींचा आधी एकदा विवाह झालेला होता. मग परत आलेल्या मुलीकडे आपण कापून बिघडलेल्या कापडासारखं का पाहतो? खाला चहा न घेताच गेल्या. अम्मी मात्र माझ्यावर रागावली नाही.

उसवण्याचंही एक शास्त्र आहे. आधी शिलाई काढायची, मग शेवटचा टाका शोधायचा, म्हणजे धागा सरसर निघतो. तो नव्या लोकरीसारखा सरळ नसतो, मॅगीसारखा वाकडा असतो. त्याची लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात भिजवायची आणि खाली थोडं वजन लावून सावलीत वाळत टाकायची. वळ निघून जातात. लडी करायला दोन हात लागतात, म्हणून अब्बांना खुर्चीत बसवलं. अर्धा तास हात पुढे करून बसले बिचारे. मध्येच नाक खाजायला लागलं, तर नातवाला हाक मारावी लागली.

मग अकरा नंबरच्या सुईवर बॉर्डर, नऊ नंबरवर अंग. माझ्या तिसरीतल्या मुलाचा स्वेटर झाला. उरलेल्या लोकरीत दोन टोप्या आणि बाळाचे मोजे झाले. माझ्या शाळेतल्या एका सहकारी बाईंनी ते मोजे पैसे देऊन घेतले. बहिणीची ती पहिली कमाई.

स्वेटर विकून पोट भरतं का, हा प्रश्न आलाच. हिवाळ्यात तिबेटी विक्रेते नागपुरात स्वेटर आणतात. त्यातला बराचसा माल लुधियानाचा, यंत्रावर विणलेला. त्या भावात हातानं विणणं शक्य नाही. पण ती माणसंही नव्यानं सुरुवात केलेलीच. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ 1972 पासून त्यांची वसाहत आहे. बहिणीनं त्यांच्याशी स्पर्धा केली नाही. ती बाळांचे सेट विणते आणि रविवारी मोमिनपुऱ्यातल्या आमच्या गच्चीवर मुलींना शिकवते. सध्या सात मुली येतात, आणि एक मुलगा.

त्यांना मी एकदा सांगितलं, की विणकामाचे सर्वांत जुने नमुने इजिप्तमध्ये सापडलेले निळ्या-पांढऱ्या सुती मोज्यांचे आहेत आणि काहींवर अरबी अक्षरं विणलेली आहेत. स्पेनचा राजपुत्र फर्नांदो 1275 साली वारला, त्याच्या कबरीत रेशमी विणलेल्या उशा मिळाल्या. त्या मुस्लिम कारागिरांनी विणलेल्या होत्या आणि एकीवर कूफी लिपीत 'बरकत' या अर्थाचा शब्द होता. तेव्हापासून तो मुलगा बरकत विणायचा हट्ट धरून बसला आहे. अजून त्याला उलट टाका येत नाही.

बहिणीसाठी आता स्थळंही सांगून येतात. ती नाही म्हणत नाही, होही म्हणत नाही. "आधी हातातला गळा होऊ दे," एवढंच म्हणते. पाहुणे आले, तर सुया घेऊन बाहेरच्या खोलीत बसते. चहा आता मामू करतात, बरा करतात.

गेल्या आठवड्यात खाला आल्या. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मग पिशवीतून त्यांच्या मुलाचा जुना निळा स्वेटर काढून हळूच म्हणाल्या, "बेटा, हा उसवून नातवाला होईल का?"

बहिणीनं स्वेटर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. साडेतीनशे ग्रॅम भरला.

"होईल की, खाला. उसवायचं काही घेणार नाही. विणायचे मात्र पैसे पडतील."