निवडुंग म्हणजे कॅक्टसच का?

समोरची ही कुंडी बघा. चौधारी, मांसल कांडं, पानं नाहीत, काटेही नाहीत. शिरूर, दौंड हा कमी पावसाचा पट्टा. इथल्या माळावरून असं झाड कोणी घरी आणतं आणि त्याला 'कॅक्टस' म्हणतं. आपण मात्र तीन गोष्टी तपासू.

पहिली, काटा कुठून निघतो? कॅक्टसचे काटे लवदार, बारीक गादीतून निघतात. काटे नसले तरी ती गादी असतेच. फड्या निवडुंगावर ती स्पष्ट दिसते.

दुसरी, चीक. त्रिधारी निवडुंगालाही आपण निवडुंगच म्हणतो, पण तो एरंडाच्या कुळातला. काटे जोडीजोडीने, गादी नाही, आणि टोचलं की पांढरा दुधासारखा चीक. हा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा.

तिसरी, फूल आणि शेंग. आपल्या कुंडीत गादी नाही, पांढरा चीक नाही, फूल पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखं, शेंगा शिंगांसारख्या जोडीने. म्हणजे ही माकडशिंग, रुईच्या कुळातली!

मग तिघं सारखी का दिसतात? पाणी साठवायचं, तर पानं टाकून खोड फुगवायचं. वेगवेगळ्या कुळांनी एकच उपाय शोधला.

माकडशिंगाच्या कोवळ्या कांड्यांची भाजी करतात. म्हणूनच सांगतो, नुसत्या रूपावरून तोंडात काही घालू नका. आधी फूल येऊ द्या.